विळीवरची बाई चित्रात आली, त्याची पार्श्वभूमी

नौपाड्यातल्या जुन्या घरात आजी भाजी चिरायला बसली की एक गुडघा उभा, दुसरा पाय दुमडलेला आणि पाऊल विळीच्या पाटावर घट्ट दाबलेलं. सगळा जोर त्या पावलात. ते कागदावर नीट उतरलं नाही, तर चित्रातली बाई नुसती बसलेली दिसते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राची (आठवणीतून काढायच्या चित्राची) तयारी करताना ठाण्यातल्या पोरांचं हमखास चुकतं ते इथेच.

वास्तववादी चित्रात घरकाम शिरलं ते युरोपात, मोलकरणीच्या रूपात. हॉलंडच्या फेर्मीरने १६६० च्या सुमारास दूध ओतणारी मोलकरीण रंगवली, तर फ्रान्सच्या शार्दँने १७३९ मध्ये बाजारातून पाव घेऊन आलेली. दोघी स्थिर, शांत. कष्टाचा भार खरा दिसतो तो १८६० च्या दशकात, फ्रान्सच्याच दोमिए या चित्रकाराच्या धोबिणीत. सीन नदीच्या घाटाच्या पायऱ्या ती चढते आहे, एका हाताखाली कपड्यांचं बोचकं, दुसऱ्या हाताला लेकरू. त्या लेकराच्याही हातात कपडे बडवायचं धोपटणं आहे. माझ्या मते या विषयावर याहून प्रामाणिक चित्र क्वचितच सापडेल.

आपल्याकडे ही वास्तवदर्शी पद्धत रुजली ती जे. जे. कला महाविद्यालयामुळे. १८५७ ला सुरू झालेल्या या शाळेत विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून हात बसवत. अंगाचा तोल, वजन कुठे पडतं, हे त्यातून कळलं. तरी बाईचं काम लगेच मध्यभागी आलं नाही. रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ नंतर घरोघरी पोहोचल्या त्या लक्ष्मी-सरस्वती. चित्रकार धुरंधरांनी स्त्रिया फार जवळून पाहिल्या, पण १९२० मध्ये ऑटो रॉथफिल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी काढलेल्या त्यांच्या चित्रांत बाई ओळखली जाते ती जात, प्रांत आणि लुगड्यावरून. तिचा थकवा त्यात मला दिसत नाही.

२०१४ पर्यंत डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होती. तिथल्या वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी भित्तिचित्र, बायकाच लिहितात, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक जोडलेले. हे काही वास्तववादी रेखाटन नव्हे. पण भात कांडणारी बाई काढताना वरचा त्रिकोण बरोबर त्या टोकातून, कंबरेतून वाकतो. लिहिणारीने सकाळीच मुसळ हातात धरलेलं असतं.