संख्याक्रमिकांचे कमांड-लाइन चित्रण

एखादी संख्याक्रमिका घेऊन तिच्या प्रत्येक पदाला चित्रातला एक पिक्सेल, एक रेघ किंवा एक वळण नेमून देण्याची आणि तयार झालेली प्रतिमा थेट फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत. सगळे काम टर्मिनलमधून होते. एक प्रोग्राम संख्या छापतो, दुसरा त्या वाचून चित्र काढतो आणि दोघांना पाइप जोडतो. ही पाइपची सोय युनिक्समध्ये १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे आली. संख्या कुठून येतात याच्याशी चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला काही देणेघेणे नसते, त्यामुळे मूळ संख्या, पाय (π) या स्थिरांकाचे अंक किंवा यंत्राने मोजलेले तापमान यांपैकी काहीही त्याच आज्ञेला देता येते.

या कामासाठी सर्वांत सोपे फॉरमॅट नेटपीबीएम कुटुंबातले आहेत. जेफ पोस्कान्झर यांनी १९८०च्या दशकात साध्या मजकुराच्या ईमेलमधून चित्रे पाठवता यावीत म्हणून पीबीएम हा फॉरमॅट रचला आणि १९८८मध्ये पीबीएमप्लस हा संच प्रसिद्ध केला. नेटपीबीएम हे त्याचेच पुढचे रूप. काळ्यापांढऱ्या, करड्या आणि रंगीत चित्रांसाठी अनुक्रमे पीबीएम, पीजीएम आणि पीपीएम असे तीन प्रकार आहेत. करड्या चित्राच्या मजकुरी फाइलमध्ये आधी ‘पी२’ ही खूण, मग रुंदी व उंची, मग सर्वांत उजळ छटेचा आकडा आणि त्यानंतर नुसत्या संख्या असतात. ग्रंथालय, प्लगिन असले काही लागत नाही. ज्या भाषेत संख्या छापता येते त्या भाषेत चित्रही काढता येते. आलेखच हवा असेल तर थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६मध्ये सुरू केलेला ग्नूप्लॉट आहे, आणि पीएनजीसारख्या रूपांतरासाठी इमेजमॅजिक.

फिबोनाची क्रमिकेत प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असते. तिच्या पदांच्या शेवटच्या अंकांचे उदाहरण घेऊ: ०, १, १, २, ३, ५, ८, ३, १, ४, ५, ९… हे अंक दर ६० पदांनी पुन्हा तसेच येतात. रुंदी ६०, उंची ६० आणि कमाल छटा ९ ठेवून पहिले ३,६०० अंक लिहिले, की प्रत्येक ओळ वरच्या ओळीची नक्कल होते आणि चित्रभर उभे पट्टे उमटतात. शेवटी ० असलेले पद दर १५ स्थानांनी येते आणि ० म्हणजे काळी छटा, म्हणून त्यांत चार पट्टे पूर्ण काळे असतात. रुंदी ५९ केली की तेच पट्टे उजवीकडे झुकतात. क्रमिका तीच, बदलला तो फक्त कागद. पीजीएममध्ये मजकुराची ओळ कुठे तुटते याला महत्त्व नसते, चित्राची ओळ फक्त सांगितलेल्या रुंदीवरून ठरते. मजकुराची ओळ ७० अक्षरांपेक्षा लांब नसावी असा नियम आहे, पण बहुतेक वाचक-प्रोग्राम तो मोडलेला चालवून घेतात.

हेच चित्र ऑक (awk) या टर्मिनलवरच्या छोट्या भाषेत काढताना एक खोड दिसते. ऑक सर्वसाधारणपणे संख्या तरत्या दशांशचिन्हाच्या (फ्लोटिंग-पॉइंट) स्वरूपात ६४ बिटांत ठेवते, आणि त्यात पूर्णांक २ च्या ५३व्या घातापर्यंतच बिनचूक राहतात. ७८वे फिबोनाची पद ८९४४३९४३२३७९१४६४ या मर्यादेत बसते. ७९वे पद १४४७२३३४०२४६७६२२१ बसत नाही. ते …२२० असे साठवले जाते आणि शेवटचा अंक १ ऐवजी ० होतो. क्रमिका ० पासून मोजली तर हा चित्राच्या दुसऱ्या ओळीतला विसावा पिक्सेल: तिथे एक आगंतुक काळा ठिपका पडतो आणि पुढे पट्टे विस्कटतात. चूक झाल्याचा कसलाही संदेश येत नाही. उलट जे निघते ते ‘यादृच्छिक’ म्हणून सहज खपून जाईल असे असते. उपाय सोपा आहे: प्रत्येक बेरजेनंतर लगेच दहाने भागून बाकी ठेवायची, म्हणजे संख्या कधी दोन अंकांपलीकडे जातच नाही.

रुंदीचा परिणाम मूळ संख्यांवर आणखी ठळक दिसतो. १ पासूनच्या संख्या ३० च्या रुंदीत ओळीने मांडून मूळ संख्या काळ्या केल्या, तर २, ३ आणि ५ वगळता त्या सगळ्या फक्त आठ स्तंभांत येतात: १, ७, ११, १३, १७, १९, २३ आणि २९. पाहणाऱ्याला वाटते की मूळ संख्यांचे रहस्यच हाती लागले. प्रत्यक्षात इतकेच घडलेले असते, की २, ३ व ५ ने भाग जाणारे बाकीचे बावीस स्तंभ गळून गेले. ३१ ची रुंदी घेतली की स्तंभ जाऊन डावीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा येतात. म्हणून कोणत्याही चित्रातली नक्षी पाहून पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की रुंदी एकाने बदलली तर तिचे काय होते.

गणितज्ञ स्तानिस्वाव उलाम यांची सर्पिल मांडणी याच जातीची, पण तिच्यातली नक्षी इतक्या सहज उडवून लावता येत नाही. १९६३मध्ये एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसल्या बसल्या त्यांनी चौकटींच्या कागदावर संख्या मध्यापासून गोल गोल लिहिल्या आणि मूळ संख्यांवर खुणा केल्या. त्या तिरक्या रेघांवर गोळा होताना दिसल्या. पुढे मायरन स्टाइन आणि मार्क वेल्स यांच्यासह लॉस अलामोस येथील मॅनियॅक-२ संगणकावर त्यांनी हे चित्र सुमारे ६५,००० संख्यांपर्यंत वाढवले. सर्पिलातली प्रत्येक तिरकी रेघ एका वर्गबहुपदीशी जुळते, आणि काही बहुपदी मूळ संख्यांनी इतरांपेक्षा दाट भरलेल्या असतात. ऑयलर यांच्या न² + न + ४१ मध्ये न ला ० ते ३९ पर्यंत कोणतीही किंमत दिली तरी मूळ संख्याच मिळते. अशा बहुपदींवर अनंत मूळ संख्या असतात का, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही.

पदे झपाट्याने वाढत असतील तर सरळ छटा देऊन चित्र जवळपास पूर्ण काळे येते, शेवटच्या दोनचार पिक्सेलांखेरीज. मग लॉगरिदम घ्यावे किंवा एखाद्या संख्येने भागून बाकी घ्यावी. बहुधा बाकीच जास्त बोलते. पास्कलच्या त्रिकोणातील, म्हणजेच मेरुप्रस्तारातील, संख्यांची २ ने भागून बाकी मांडली की सिएर्पिन्स्कीचा त्रिकोण, म्हणजे त्रिकोणात पुन्हा पुन्हा तशीच त्रिकोणी पोकळी असलेली आकृती, दिसू लागतो. त्यासाठी द्विपद सहगुणक, म्हणजे त्रिकोणातल्या त्या प्रचंड संख्या, काढण्याचीही गरज नसते. ओळ-क्रमांक आणि स्थान-क्रमांक द्विमान पद्धतीत लिहून स्थानातला प्रत्येक १ ओळीतही त्याच जागी आहे का एवढे तपासले की पुरे.

पिक्सेलांऐवजी पदांनी कासव-रेखाटनाला, म्हणजे पुढे सरकत आणि वळत रेघ काढणाऱ्या काल्पनिक कासवाला, वळणे देण्याचीही रीत आहे. कागदाची पट्टी पुन्हा पुन्हा एकाच दिशेने दुमडून उलगडली असता मिळणारा डाव्या-उजव्या घड्यांचा क्रम ९० अंशांच्या वळणांना दिला, तर ड्रॅगन वक्र तयार होतो.

तयार क्रमिका हवी असेल तर नील स्लोन यांनी १९६४मध्ये जमवायला घेतलेला आणि १९९६पासून महाजालावर असलेला ओईआयएस हा कोश उपयोगी पडतो. त्यातील बी-फाइलींच्या प्रत्येक ओळीवर पदाचा क्रमांक आणि पद असे दोनच आकडे असतात, त्यामुळे दुसरा स्तंभ वेगळा काढून तो पाइपमध्ये सोडता येतो. सुरुवातीला # खूण असलेल्या टिपा आधी गाळाव्या लागतात, हे मात्र विसरू नये.

डोळ्यांना जे दिसत नाही ते नाहीच, असेही नाही. आयबीएमच्या यंत्रांवर १९६०च्या दशकात वापरला गेलेला रँडू हा यादृच्छिक संख्यांचा जनक साध्या सपाट चित्रात निर्दोष भासू शकतो. त्याची लागोपाठची तीन-तीन पदे त्रिमितीत बिंदू म्हणून मांडली की सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडलेले दिसतात, तेही योग्य कोनातून पाहिले तरच.

चित्र कसे काढले याची नोंद फाइलमध्येच ठेवता येते. मजकुरी पीजीएमच्या शीर्षभागात # ने सुरू होणारी ओळ चालते. तिथे क्रमिका, रुंदी आणि भाजक लिहावेत. पीएनजीत रूपांतर करताना नेटपीबीएमचे प्रोग्राम ती ओळ सोडून देतात, म्हणून मूळ मजकुरी फाइल किंवा निदान पूर्ण आज्ञा जपून ठेवावी लागते.