देवीच्या पायाखालचा लेख, शेताखालचा स्तूप

सन्नतीची चंद्रलांबा ही महाराष्ट्र-कर्नाटकातल्या अनेक घराण्यांची कुलदेवी. बेळगाव-निपाणीपासून भालकी-बिदरपर्यंत मराठी घरांत हे नाव ओळखीचे आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या चित्तापूर तालुक्यात, भीमेच्या काठी हे गाव वसले आहे. पंढरपुराला चंद्रभागा म्हणून वळसा घालणारीच ही भीमा. लोक येतात, ओटी भरतात, नदीवर जातात आणि परत फिरतात. देवळापासून जवळच कनगनहळ्ळीच्या शिवारात सातवाहन काळातला एक महास्तूप उघडा झाला आहे आणि त्याच्या शिळांवर साक्षात सम्राट अशोकाचे चित्र नावासकट कोरलेले आहे, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांच्या कानावर आहे. ते कानावर यावे म्हणून ही पार्श्वभूमी.

सन्नतीला जुने अवशेष आहेत, याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते 1954 साली कपटराळ कृष्णराव यांनी. नदीकाठची टेकाडे, रणमंडल नावाने ओळखली जाणारी तटबंदीची जागा, शेतात सापडणाऱ्या कोरीव शिळा, ब्राह्मी अक्षरे. पुढे पुरातत्त्वज्ञांची ये-जा सुरू झाली, पण सन्नतीचे नाव खऱ्या अर्थाने गाजले 1986 साली, आणि तेही अपघाताने. चंद्रलांबेच्या आवारातल्या कालीच्या देवळाचे छत कोसळले आणि मूर्ती भंगली. ढिगारा उपसताना मूर्तीच्या बैठकीची शिळा मोकळी झाली, तर तिच्या दोन्ही अंगांना अक्षरे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, आणि आज्ञा देणारा अशोक. मूर्ती बसवण्यासाठी कोणे एके काळी कारागिरांनी शिळेच्या मधोमध खाच पाडली होती, त्यात लेखाचा काही भाग कायमचा गेला. ज्यांनी ती पाडली त्यांना दोष देता येत नाही. लिपी वाचणारे कोणी उरलेच नव्हते. त्यांच्यापुढे होता तो चांगला, सपाट, मजबूत दगड.

या शिळेवर काय आहे, ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. एका बाजूला अशोकाचे बारावे आणि चौदावे शिलाशासन, दुसऱ्या बाजूला दोन स्वतंत्र शासने. ही स्वतंत्र शासने त्याआधी फक्त ओडिशातल्या धौली आणि जौगड येथे, म्हणजे जिंकलेल्या कलिंगात सापडली होती. सर्व माणसे माझी लेकरे आहेत, त्यांचे या लोकी आणि परलोकी भले व्हावे, असे राजा त्यांत आपल्या अधिकाऱ्यांना बजावतो. कलिंगासाठी लिहिलेली म्हणून समजली जाणारी ही शासने भीमेच्या काठी का कोरली गेली, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहिला. बारावे शासन तर आणखी जवळचे. आपल्या पंथाची उगाच थोरवी गाऊ नये, दुसऱ्याच्या पंथाची विनाकारण निंदा करू नये, जिभेला आवर घालावा. जो दुसऱ्याच्या पंथाला कमी लेखतो तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. हा मजकूर शतकानुशतके कालीच्या मूर्तीला आधार देत पडून होता.

त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कनगनहळ्ळीला हात घातला. 1994 पासून पुढची काही वर्षे के. पी. पूणच्च यांच्या देखरेखीखाली खोदकाम चालले. मातीखालून निघाला तो विखुरलेला, पण बराचसा आपल्या जागीच कोसळून पडलेला स्तूप. गोल मेधी म्हणजे जोते, चारही दिशांना पुढे आलेले आयक म्हणजे चौथरे, प्रदक्षिणापथ, त्याभोवतीची वेदिका म्हणजे दगडी कठडा, आणि अंडावर, म्हणजे स्तूपाच्या घुमटावर, मढवलेल्या शिळा, माणसाहून उंच. स्तूपाचे नावही तिथल्याच लेखांतून कळले: अधोलोक महाचेतिय, म्हणजे महाचैत्य, मोठा स्तूप. एवढ्या मोठ्या स्मारकाने स्वतःचे नाव स्वतःच सांगावे, हे भाग्य फार थोड्या ठिकाणांना लाभते.

दगड इथलाच, चुनखडीचा. आपल्या जुन्या घरांच्या सोप्यात आणि परसात जी शहाबादी फरशी असते, त्या फरशीचे शहाबाद याच जिल्ह्यात आहे. हा दगड थरांत सुटतो, बारीक कोरीव काम घेतो. त्यावर जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी आहेत, बुद्धचरित्रातले प्रसंग आहेत, दान देणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींची आणि गृहस्थांची नावे आहेत. कुठे बुद्धाच्या जागी नुसती पावले, बोधिवृक्ष, चक्र. तर नंतरच्या काळातल्या सबंध बुद्धमूर्तीही.

सर्वांत गाजलेली शिळा अशोकाची. राजा आणि राणी उभे, भोवती छत्र-चामरे धरलेल्या दासी, आणि वर ब्राह्मीत दोन शब्द: रायो असोको. या दोन शब्दांचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, तेव्हा लेखांत राजाचे नाव येत होते ते देवानांप्रिय प्रियदर्शी. तो अशोकच, हे सिंहली ग्रंथांच्या आधाराने ठरले. 1915 साली रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीला सापडलेल्या लेखात अशोक हे नाव प्रथमच स्पष्ट मिळाले. कनगनहळ्ळीने नावासोबत रूपही दिले. ते अशोकानंतर काही पिढ्यांनी कोरलेले आहे, म्हणून हुबेहूब चेहरा मानता येत नाही. पण या भागातल्या लोकांच्या मनात अशोक कसा होता, ते त्यात दिसते.

मराठी वाचकाला मात्र त्याहून जवळच्या वाटाव्यात अशा शिळा सातवाहन राजांच्या आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सिमुक, सातकर्णी हे सातवाहन राजे आणि राणी नागनिका यांच्या प्रतिमा होत्या. आज तिथे वर नावे आहेत आणि खाली फार तर पावलांच्या खुणा. कनगनहळ्ळीत सातवाहन राजे नावानिशी उभे आहेत. एका शिळेवर राजा सातकर्णी महाचैत्याला रुप्याची कमळे अर्पण करतो. दुसरीवर पुळुमावी उज्जैनी देऊन टाकतो, असे लेखच सांगतो. मंतलक आणि सुंदर सातकर्णी ही नावे पुराणांतल्या राजांच्या यादीत होती, आणि त्या यादीवर भरवसा किती ठेवावा यावर वाद चालत. इथे ती दगडात कोरलेली मिळाली. सातवाहनांचा इतिहास नाणेघाट, नाशिक, कार्ल्यापुरता वाचण्याची आपली सवय आहे. ती आता सोडायला हवी असे मला मनापासून वाटते. पैठणपासून भीमा-कृष्णेच्या खोऱ्यापर्यंत हा एकच व्यवहार होता. भाषेच्या सरहद्दी फार पुढच्या.

बेळगावच्या आसपासचा पुरावाही हेच सांगतो. शहराला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने 1970 च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा विटांच्या घरांची सातवाहनकालीन वस्ती निघाली. तिथला ब्राह्मी लेख मात्र वाजपेय यज्ञाचा, म्हणजे वैदिक परंपरेचा आहे. निपाणीच्या पलीकडे कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात एका स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यातल्या धातुपेटीच्या, म्हणजे पवित्र अवशेष ठेवण्याच्या पेटीच्या, लेखात दान बम्हाचे आणि ते घडवून घेणारा धमगुत, अशी नोंद आहे. तिथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी खोदकाम करून सातवाहन नगर उजेडात आणले. खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे जैनांना दिलेले ताम्रपट मिळाले. गदगजवळच्या डंबळला 1095 सालच्या लेखात बौद्ध विहार आणि तारादेवीचे देऊळ येते, म्हणजे बाराव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत हा धर्म या मुलखात नांदत होता. यज्ञ, स्तूप, बसदी म्हणजे जैन मंदिरे, हे सारे जवळजवळच्या गावांत होते.

कनगनहळ्ळीच्या शिळांची पुढची वर्षे मात्र सुखाची गेली नाहीत. खोदून काढलेल्या कोरीव फरश्या दीर्घकाळ जागेवर आणि शेडमध्ये पडून राहिल्या. अहवाल यायलाच 2011 साल उजाडले. अलीकडे पुरातत्त्व खात्याने तुकडे जुळवून स्तूप पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले आहे. चुनखडी पावसापाण्याने झिजते, तेव्हा या कामाला जेवढा उशीर, तेवढी अक्षरे कमी. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरच्या नालवार स्थानकावर उतरून सन्नतीला जाता येते. कुलदेवीच्या दर्शनाला निघणाऱ्यांनी दिवसाचा बेत आखतानाच कनगनहळ्ळीसाठी वेळ धरावा, आणि मुलांना नाणेघाटातली नावे आधी वाचून दाखवावीत.