ओव्हरलेमधील भेगांचे पूर्वानुमान

जुन्या डांबरी रस्त्याच्या मजबुतीकरणासाठी त्यावर जो नवा डांबरी थर टाकतात, त्याला ओव्हरले म्हणतात. खालच्या रस्त्याला आधीच भेगा असतील, तर त्या काही काळाने त्याच जागी वरच्या थरात उमटतात. त्या केव्हा आणि किती उमटतील, याचा आगाऊ हिशेब म्हणजे भेगांचे पूर्वानुमान. सातारा जिल्ह्यात तो चांगलाच अवघड जातो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण तालुक्यात जेमतेम पाचशे.

भेग वर चढते ती ताणामुळे. ट्रकचे चाक जुन्या भेगेशी आले, की भेगेची एक कड दबते, दुसरी जागेवर राहते आणि वरचा थर कातरला जातो. चाक नेमके भेगेवर असताना थर वाकतो, ते पुढे सरकले की उलट बाजूने पुन्हा कातर बसते. रात्री रस्ता गार होऊन आकसतो, तेव्हा भेगेचे तोंड रुंदावते. अशा प्रत्येक आवर्तनात भेग किती वाढेल, हे टोकाशी एकवटणाऱ्या ताणाच्या चढउतारावरून काढतात. त्यासाठी वापरला जाणारा, पॉल पॅरिस या अभियंत्याच्या नावाचा नियम मुळात विमानाच्या धातूसाठी १९६० च्या दशकात मांडला गेला होता. वाकणे, कातरणे आणि तापमान या तिन्हींची सांगड घालणारे प्रारूप अमेरिकेत २०१० साली एनसीएचआरपी या राष्ट्रीय महामार्ग संशोधन कार्यक्रमाच्या ६६९ क्रमांकाच्या अहवालात आले. त्यात हवामानाचे चार गट आहेत: ओले व कोरडे, आणि त्या प्रत्येकात जमीन गोठणारे व न गोठणारे. साताऱ्याला गोठणारे दोन्ही गट लागत नाहीत. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात खऱ्या, पण ती वरवरची हिमकणांची साय. रस्त्याखालची माती काही गोठत नाही.

माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवड भागात खरा शत्रू ऊन. उन्हाळ्यात डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत तापतो, डांबरातील तेलकटपणा जातो आणि थर कडक, ठिसूळ होतो. वाहतूक विरळ असेल तर चाकांनी मळून भेग मिटण्याचीही सोय राहत नाही. तरी अशी भेग पाण्यावाचून बराच काळ तशीच पडून राहते. महाबळेश्वर-पाचगणी किंवा कोयना खोऱ्यात तिला एवढी सवड मिळत नाही. पाणी आत शिरते, खडीवरचे डांबर सुटते, चाकाच्या दाबाने चिखल वर येतो आणि एका पावसाळ्यात भेगेचा खड्डा होतो. पाऊस भेग पाडतो त्यापेक्षा तिचा निकाल लावतो, असे म्हणणे अधिक बरोबर.

कराडच्या आसपास कृष्णाकाठी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. साइडपट्टीलगत रस्त्याच्या लांबीने सरळ भेग जाते. रुंदीकरणात जुन्या-नव्या भागाचा सांधा जिथे येतो, तिथेही अशीच रेघ दिसते. त्यात उसाचा हंगाम थंडीत. डांबर सर्वांत ताठ असते, त्याच महिन्यांत भरगच्च ट्रॉल्या रस्त्यावर असतात. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी ढोबळमानाने सोळापट होते, हे लक्षात घेता हिशेबात वर्षाची सरासरी वाहतूक धरणे फसवे ठरते. महिनावार आकडे हवेत.

भारतात ओव्हरलेची जाडी अनेक वर्षे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ८१ या मार्गदर्शिकेनुसार, बेंकेलमन बीम या लांब दांडीच्या उपकरणाने रस्त्याची लवण, म्हणजे चाकाच्या भाराखाली तो किती दबतो, ते मोजून ठरवली गेली. मोजमाप पावसाळ्यानंतर लगेच, माती सर्वांत नरम असताना करायचे आणि आलेला आकडा ३५ अंश तापमानाला जुळवून घ्यायचा, अशा रीतीने हवामान त्यात येते. मात्र जुनी भेग कुठे, किती रुंद, तिच्या दोन कडा चाकाखाली किती हलतात, हे लवणीच्या आकड्यातून कळत नाही. पूर्वानुमानासाठी नेमकी हीच नोंद लागते आणि डांबरीकरण उरकल्यावर ती मिळवण्याची सोय उरत नाही.

नवा थर जाड टाकणे, मध्ये ताण शोषणारा पातळ पडदा किंवा भूजाळी (मजबुतीसाठी थरांमध्ये अंथरायची जाळी) घालणे, हे उपाय भेगेला उशीर लावतात, कायमचे थांबवत नाहीत. भेगा भरायच्या तर हिवाळ्यात, त्यांचे तोंड उघडे असताना. मे महिन्यात त्या मिटलेल्या असतात आणि लुकण नीट आत उतरत नाही.