धमनीतला चुना आणि दुधाचा पेला

आमच्या गिरगावातल्या शेजारच्या काकांनी सीटी स्कॅनच्या अहवालात ‘कोरोनरी कॅल्शियम स्कोअर 212’ (हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचे माप) असे वाचले आणि दुसऱ्या दिवसापासून दूध, दही आणि नाचणीची भाकरी बंद केली. बोअरवेलच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो, तसाच खाल्लेला कॅल्शियम धमनीत साचतो, ही त्यांची समजूत बहुतेकांची असते.

वास्तविक रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट नेहमीच इतके असते, की हाडातल्या हायड्रॉक्सिॲपटाइट या खनिजाचे स्फटिक धमनीतही तयार व्हावेत. ते होत नाहीत, कारण शरीर त्यांना सतत अडवून धरते: पायरोफॉस्फेट, यकृतातून येणारे फेट्युइन-ए, आणि धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशींनी स्वतः बनवलेले मॅट्रिक्स-ग्ला प्रथिन. या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर 1997 च्या एका प्रयोगात दोन महिन्यांच्या आत दगावले. त्यांच्या धमन्या चुन्याने ताठर होऊन फुटल्या होत्या.

त्याहूनही विलक्षण भाग पुढे आहे. दीर्घकाळच्या दाहामुळे, मधुमेहामुळे किंवा मूत्रपिंड निकामी होऊन रक्तातले फॉस्फेट वाढल्यामुळे याच स्नायुपेशी आपले आकुंचनाचे काम सोडतात. एरवी हाडे घडवणाऱ्या पेशींत चालणारे रनएक्स-2 हे जनुक त्यांच्यात जागे होते, पायरोफॉस्फेट तोडणारे विकर तयार होते आणि पेशी सूक्ष्म पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, बाहेर सोडतात, ज्यांत खनिजाचा पहिला कण धरतो. म्हणजे राखणदारानेच इथे गवंड्याचे काम हाती घेतलेले असते. धमनीत खरोखर हाडासारखी घडण होते, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले होते.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर फिरणारा लिंबू-आले-लसणाचा काढा हा चुना ‘विरघळवतो’ हा दावा निराधार आहे. मॅट्रिक्स-ग्ला प्रथिन कार्यक्षम होण्यासाठी व्हिटॅमिन के लागते हे खरे. पण डेन्मार्कमधल्या 365 पुरुषांना दोन वर्षे व्हिटॅमिन के-2 आणि डी देऊन, किंवा नुसती निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या चाचणीत महाधमनीच्या झडपेवरचे कॅल्शियम साचणे मंदावले नाही, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅप्सूल विकणारे हे सांगत नाहीत.

स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे घेणाऱ्यांत हा स्कोअर बरेचदा वाढतो, तरीही हृदयविकाराचे झटके कमी होतात, कारण विखुरलेले बारीक कण भिंतीवर ताण आणतात, तर घट्ट, सलग थर बहुधा तिला स्थिर करतो. काकांना मी हे कागदावर रेखाटून दाखवले, तेव्हा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख विचारली आणि घरात दही विरजायला सांगितले.