मूलपेशी उपचार : यकृताची तंतुमयता आणि आतड्याचे विकार

यकृतात साचलेली तंतुमय ऊती कमी करण्यासाठी आणि आतड्याचा दाह आटोक्यात आणण्यासाठी मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी), किंवा त्यांनी स्रवलेले घटक, वापरण्याची पद्धती. यकृतासाठी ती अजून संशोधनाच्या टप्प्यातच आहे.

दारू, हिपॅटायटिस बी व सी किंवा फॅटी लिव्हर यांमुळे यकृताला सतत इजा होत राहिली, की एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवणाऱ्या ताराकृती पेशी चेतवल्या जातात आणि कोलॅजन हे तंतुमय प्रथिन तयार करू लागतात; ते साचून यकृतावर व्रण पडतात. मूळ कारण वेळीच दूर केले तर हे व्रण बरेच ओसरतात. सिरोसिसनंतर, म्हणजे व्रणांनी यकृत कडक झाल्यावर, ते कठीण होते. यात आतड्याचा वाटा मोठा आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त आतडे, प्लीहा इत्यादींकडून पोर्टल शिरेने येते. आतड्याचे अस्तर सैल पडले, की जिवाणूंची विषे त्याच वाटेने यकृतात पोचतात आणि दाह वाढवतात.

अस्थिमज्जा, नाळ किंवा चरबीतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल मूलपेशी यकृतपेशींत रूपांतरित होतील, अशी पूर्वी आशा होती. प्रत्यक्षात त्या शरीरात फार काळ टिकत नाहीत. त्यांचा परिणाम मुख्यतः त्यांनी स्रवलेल्या दाहशामक रेणूंमुळे होतो. त्यामुळे आता पेशींऐवजी त्यांनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांवरही, म्हणजे एक्सोसोमवर, काम चालते.

पुरावा संमिश्र आहे. ब्रिटनमध्ये सिरोसिसच्या ८१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रुग्णाच्याच रक्तातील मूलपेशी देऊनही यकृताचे काम सुधारले नाही (२०१८). क्रोन आजारातील (आतड्याच्या दीर्घकालीन दाहातील) गुदद्वाराजवळच्या भगंदरासाठी १२ कोटी पेशी थेट त्या जागी टोचण्याच्या उपचाराला युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत तो कमी पडला आणि २०२४ मध्ये बाजारातून मागे घेतला गेला.

नागपुरात हा विषय विशेष नाजूक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाटकडचे रुग्ण मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांत किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत येतात. अनेकदा पोटात पाणी झाल्यावरच. "स्टेम सेलनं लिव्हर नवं होते का जी?" हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आणि त्यावर बोन मॅरो (अस्थिमज्जेतील मूलपेशींचे) प्रत्यारोपण होते हे लोकांना ठाऊक असते. तो उपचार रक्ताच्या आजारांसाठी मान्यताप्राप्त आहे. यकृताच्या व्रणांसाठी मात्र २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशी केवळ मंजूर चाचणीतच देता येतात. अशी चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवलेली असावी लागते आणि तिला नैतिकता समितीची परवानगी लागते. उपचार म्हणून लाखो रुपये मागणारे पॅकेज ही चाचणी नव्हे; त्यासाठी कुणी शेत गहाण टाकू नये.

सध्या दारू पूर्ण सोडणे, हिपॅटायटिसवरील औषधे, वजन व मधुमेहावर ताबा आणि शेवटच्या टप्प्यात यकृत प्रत्यारोपण हे मुख्य सिद्ध मार्ग आहेत. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे विदर्भातील वाटप नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते.