लाउंड्स काउंटीतील मतदानहक्काचा लढा

अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, लाउंड्स या ग्रामीण काउंटीतील (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कृष्णवर्णीय शेतकरी-शेतमजुरांनी १९६५ ते १९७० या काळात मतदानाचा हक्क आणि स्थानिक सत्ता मिळवण्यासाठी दिलेला लढा. मतदानहक्कासाठी मार्च १९६५ मध्ये निघालेल्या, सेल्मा ते माँटगोमेरी या गाजलेल्या पदयात्रेचा मधला बराचसा रस्ता याच काउंटीतून जातो. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र लाउंड्स बहुधा वाटेतला एक टापू म्हणूनच येते. हा तिच्यावर अन्याय आहे, कारण पदयात्रा पुढे निघून गेल्यावरच इथला खरा लढा उभा राहिला.

लाउंड्स काउंटी अलाबामाच्या ‘ब्लॅक बेल्ट’ या कापसाच्या पट्ट्यात येते. त्या काळी लोकसंख्या सुमारे १५,०००. त्यांतले ८० टक्के कृष्णवर्णीय. जमीन मात्र मोजक्या गोऱ्या कुटुंबांच्या हाती एकवटलेली. बहुतेक कृष्णवर्णीय त्यांच्याच शेतावर वाट्याने राबत आणि मालकाच्याच खोपटात राहत. १९६५ च्या सुरुवातीला काउंटीच्या मतदारयादीत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते. गोऱ्या मतदारांची संख्या मात्र मतदानास पात्र गोऱ्यांपेक्षा जास्त होती, कारण मेलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावे कोणी काढलीच नव्हती. नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडे असे. अर्जदाराला परीक्षा द्यावी लागे, शिवाय त्याची हमी घेणारा नोंदणीकृत मतदार लागे. असा मतदार म्हणजे गोराच, आणि तो हमी देणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. अर्ज केल्याचे मालकाला कळले की काम आणि घर दोन्ही जाण्याची भीती असे. हिंसेमुळे या काउंटीला ‘ब्लडी लाउंड्स’ असे नाव पडले होते.

मार्च १९६५ मध्ये जॉन ह्यूलेट आणि त्यांचे सोबती काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या हेनव्हिलला नोंदणीसाठी गेले. त्याच महिन्यात ह्यूलेट आणि एक अंध धर्मोपदेशक या दोघांची नावे यादीत चढली. लगोलग स्थानिकांनी स्वतःची संघटना काढली आणि ह्यूलेट तिचे अध्यक्ष झाले. २५ मार्चला पदयात्रा माँटगोमेरीला पोहोचली. त्याच रात्री यात्रेकरूंना मोटारीने पोहोचवण्याचे काम करणाऱ्या डेट्रॉइटच्या व्हायोला लिउझो यांना लाउंड्समध्ये महामार्ग ८० वर कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी गुप्त संघटनेच्या लोकांनी गोळ्या घालून ठार केले.

‘स्निक’ (स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी) या तरुणांच्या संघटनेचे स्टोकली कारमायकेल आणि त्यांचे सहकारी पदयात्रेच्या निमित्ताने इथल्या लोकांशी बोलले होते. यात्रा संपल्यावर ते लाउंड्समध्येच मुक्कामाला आले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी, वंशावरून मतदान नाकारायला बंदी घालणारा मतदानहक्क कायदा झाला आणि काही दिवसांतच केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी काउंटीत दाखल झाले. यादी वाढू लागली, तसा सूडही वाढला. फोर्ट डिपॉझिट इथल्या निदर्शनांत पकडलेल्या कार्यकर्त्यांना २० ऑगस्टला हेनव्हिलच्या तुरुंगातून अचानक सोडण्यात आले. त्यांना न्यायला गाडी आलेली नव्हती. चौघे जण जवळच्या दुकानात थंड पेय घ्यायला गेले. दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या टॉम कोलमन या गोऱ्याने रुबी सेल्स या १७ वर्षांच्या मुलीवर नेम धरला. जोनाथन डॅनियल्स या धर्मशास्त्राच्या गोऱ्या विद्यार्थ्याने तिला बाजूला ढकलले आणि ती गोळी स्वतःवर घेतली. ते जागीच गेले. सर्व गोऱ्या ज्यूरीने कोलमनला निर्दोष सोडले. पुढे १९६६ मध्ये केंद्रीय न्यायालयाने लाउंड्सच्या ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना वगळणे घटनाबाह्य ठरवले.

१९६५ च्या डिसेंबरमध्ये, नाव नोंदवले म्हणून मालकांनी हुसकावलेल्या कुटुंबांसाठी महामार्ग ८० च्या कडेला तंबूंची वस्ती उभारण्यात आली. रात्री जाणाऱ्या मोटारींतून तिच्यावर गोळीबार होई. वस्तीतले लोक बंदुका घेऊन आळीपाळीने पहारा देत. या चळवळीच्या अहिंसेबद्दल बरेच लिहिले गेले आहे, पण खेड्यापाड्यांत घर राखायला बंदूक ठेवणे ही अगदी सर्वसाधारण गोष्ट होती, हे लाउंड्सचा इतिहास सांगताना टाळता येत नाही.

मतदार झालो, आता मत कोणाला द्यायचे? अलाबामातील डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे वंशभेदाचे कट्टर समर्थक गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांचा पक्ष. त्याचे चिन्ह पांढरा कोंबडा, आणि १९६६ पर्यंत त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. स्निकचे संशोधक जॅक मिनिस यांना राज्याच्या कायद्यात एक जुनी तरतूद सापडली : कोणत्याही काउंटीतील लोकांना स्वतःचा पक्ष काढता येतो, आणि निवडणुकीत २० टक्के मते मिळाली तर त्याला मान्यता मिळते. त्यातून ‘लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ स्थापन झाली. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह छापण्याची आपल्या परिचयाची पद्धत अलाबामातही होती. या पक्षाने झेप घेणारा काळा पँथर निवडला. हा प्राणी डिवचला तर मागे सरतो, पण कोपऱ्यात सापडला की जिवावर उदार होऊन लढतो, असे ह्यूलेट सांगत.

पक्षाची शिबिरे हा या लढ्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. शेरीफ (काउंटीच्या पोलिसांचा निवडून येणारा प्रमुख) काय करतो, करनिर्धारक कोणाच्या जमिनीवर किती कर बसवतो, शाळामंडळाचा पैसा कुठे जातो, हे साध्या चित्रपुस्तिकांतून समजावले जाई. ज्यांना आयुष्यभर सरकारी कचेरीत मान खाली घालून उभे राहावे लागले, ते आता त्याच कचेरीतल्या पदांसाठी उमेदवार शोधू लागले. डेमोक्रॅटिक पक्षाने आपल्या प्राथमिक निवडणुकीचे (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) उमेदवारी शुल्क ५० वरून ५०० डॉलरपर्यंत नेले होते. इथे तो अडसर नव्हता. ३ मे १९६६ रोजी हेनव्हिलमधील एका चर्चपाशी सुमारे ९०० लोकांनी मतदान करून सात उमेदवार ठरवले. करनिर्धारक पदाच्या उमेदवार ॲलिस मूर यांचे म्हणणे सरळ होते : श्रीमंतांवर कर बसवा आणि गरिबांच्या पोटाला घाला.

८ नोव्हेंबर १९६६ ला सातही जण पडले. अनेक मळेवाल्यांनी आपल्या मजुरांना गाड्यांत घालून आणले आणि गोऱ्या उमेदवारांना मते द्यायला लावली. तरीही २० टक्क्यांची अट सहज पार झाली आणि पक्षाला मान्यता मिळाली.

तोवर चिन्ह काउंटीबाहेर पोहोचले होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या नव्या पक्षासाठी लाउंड्सचा पँथर घेतला. त्या ब्लॅक पँथर पक्षाच्या प्रेरणेने १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी दलित पँथर उभी केली. मराठी वाचकाला पँथर या नावामागे ओकलंड दिसते. त्याही मागे, कापसाच्या शेतांत राबणाऱ्यांच्या मतपत्रिकेवर, तो आधी छापला गेला होता.

१९७० मध्ये ह्यूलेट लाउंड्सचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि २२ वर्षे त्या पदावर राहिले. जमिनीची मालकी मात्र फारशी हलली नाही. दारिद्र्य आजही मोठे आहे. इथली चिकण काळी माती आपल्याकडच्या काळ्या रानासारखी पाणी धरून ठेवते, त्यामुळे साधे शोषखड्डे चालत नाहीत आणि अनेक घरांचे सांडपाणी अंगणातच साचते. त्याबाबत २०२३ मध्ये केंद्रीय न्यायखाते आणि राज्याचे आरोग्यखाते यांच्यात करार झाला. २०२५ मध्ये नव्या केंद्र सरकारने तो रद्द केला.