भाड्याच्या ई-स्कूटर आणि ‘निनावी’ माहितीचा घोळ

रस्त्यावर धंदा करायचा तर परवाना हवा, हे शहरांना नवीन नाही. न्यूयॉर्कने १९३७ मध्येच टॅक्सींच्या संख्येला मर्यादा घातली होती. उभ्याने चालवायच्या भाड्याच्या ई-स्कूटर २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सँटा मोनिका शहरात उतरल्या, त्या मात्र परवान्याचा नियम तयार होण्याआधीच. सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ च्या मार्चमध्ये त्या रातोरात फुटपाथवर दिसू लागल्या. जूनमध्ये शहराने सगळ्या हटवल्या आणि ऑक्टोबरात दोनच कंपन्यांना प्रत्येकी ६२५ गाड्यांची परवानगी दिली.

खरी ओढाताण लॉस एंजेलिसमध्ये झाली. २०१८ मध्ये शहराने परवान्याला माहितीची अट जोडली: प्रत्येक फेरी कुठून, किती वाजता निघाली, कोणत्या वाटेने गेली, कुठे थांबली, हे ठरलेल्या साच्यात शहराला कळवायचे. चालकाचे नाव, फोन, कार्ड यांतले काहीच नाही, म्हणून माहिती ‘निनावी’. पण हा शब्द फसवा आहे. रोज सकाळी एकाच दारातून निघून एकाच कचेरीपाशी संपणारी फेरी नाव नसली तरी ओळखता येते. सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवरचा २०१३ चा अभ्यास सांगतो की ठिकाण आणि वेळ यांचे चार बिंदू मिळाले तर ९५ टक्के माणसे वेगळी काढता येतात.

एका कंपनीने ही माहिती नाकारली आणि परवाना गमावला. २०२० मध्ये चालकांच्या वतीने दावा झाला. २०२२ मध्ये अपिलातही निकाल शहराच्या बाजूने गेला. चालकाने आपले ठिकाण आपणहून कंपनीला दिलेलेच आहे, हा युक्तिवाद तिथे टिकला. कंपनीकडे तीच माहिती नावासकट पडून असते.

मधला मार्ग अवघड नाही. अक्षांश-रेखांश दशांशानंतर तीनच अंकांवर थांबवले की बिंदू साधारण शंभर मीटरच्या चौकटीत जातो. वेळ तासाच्या पातळीवर ठेवायची, मोजक्याच फेऱ्या असलेली चौकट दाखवायची नाही, कच्च्या नोंदी ठरल्या मुदतीत पुसायच्या. रस्त्यांच्या नियोजनाला एवढे पुरते. फुटपाथवर आडवी पडलेली गाडी उचलायला मात्र नेमके ठिकाण लागते, पण ते उभ्या गाडीचे. त्यासाठी माणसाच्या फेरीचा माग कशाला? उंच इमारतींमध्ये जीपीएस कित्येक मीटर चुकते, फुटपाथ की रस्ता हेही त्याला कळत नाही. म्हणून रंगवलेले थांबे किंवा खांबाला कुलूप लावण्याची सक्ती जास्त कामाची.

गरीब वस्त्यांत ठरावीक गाड्या ठेवायच्याच, या परवान्यातल्या कोट्यातही अशीच गोम असते. अटीत फक्त सकाळची मोजणी लिहिली, तर सकाळी मांडलेल्या गाड्या दुपारपर्यंत शहराच्या मध्यभागी सरकतात आणि कागदावर अट पूर्ण झालेली असते. दिवसभरात तिथे गाडी किती तास उभी सापडली, ते मोजायला हवे. स्मार्टफोनशिवाय गाडी सुरू करण्याची सोयही परवान्यातच लिहावी लागते.

पॅरिसने २०२० मध्ये निविदा काढून तीन कंपन्या आणि १५,००० गाड्या ठेवल्या. भाड्याच्या गाड्या पुढे ठेवायच्या का, यावर २ एप्रिल २०२३ ला मतदान घेतले: आठ टक्क्यांहून कमी मतदार आले, त्यांतल्या सुमारे ८९ टक्क्यांनी नकार दिला. १ सप्टेंबरपासून भाड्याच्या गाड्या बंद झाल्या. स्वतः विकत घेतलेल्या मात्र चालूच राहिल्या.